साडेआठ वर्षांचं वृत्तपत्रस्वातंत्र्य



ज्या संपादकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर एका तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवलं. कागदाचा भाव, टपालाचा दर, थकलेल्या वर्गण्या आणि सरकारी जाहिरातींची यादी यांच्याशी झुंजत त्यांचा अंक निघत राहिला. अशा माणसाच्या नावाच्या व्यासपीठावरून वृत्तपत्रस्वातंत्र्यावर बोलायचं तर तत्त्वचर्चेत वेळ घालवू नये. एखाद्या देशात हे स्वातंत्र्य कसं आलं, कशाच्या आधारावर उभं राहिलं आणि कसं गेलं, हे नीट पाहावं, असं मला वाटलं. म्हणून मी ब्रह्मदेश निवडला. त्याचं आजचं नाव म्यानमार. मी दोन्ही नावं वापरीन.

२० ऑगस्ट २०१२ रोजी त्या देशात छपाईपूर्वीची सरकारी तपासणी बंद झाली. ८ मार्च २०२१ रोजी लष्करी राजवटीने पाच प्रमुख वृत्तसंस्थांचे परवाने रद्द केले. या दोन तारखांमध्ये साधारण साडेआठ वर्षं जातात. एवढ्या काळात तिथे खासगी दैनिकं निघाली, पत्रकारितेच्या शाळा उघडल्या, परदेशातून पैसा आणि प्रशिक्षक आले, परागंदा संपादक मायदेशी परतले. आणि मग जवळपास सगळं दोन महिन्यांच्या आत मोडलं. कशामुळे मोडलं, हा आजचा विषय.

आधी थोडं मागे जावं लागेल. ब्रह्मदेशात वृत्तपत्रांची परंपरा नव्हती आणि ती पाश्चात्त्यांनी येऊन शिकवली, असा एक समज मदत करणाऱ्यांच्या बोलण्यात डोकावत असे. तो खोटा आहे. मिंडॉन राजाने १८७३ साली मंडालेत वृत्तपत्रांना संरक्षण देणारा सतरा कलमांचा कायदा केला होता. त्यानंतर लवकरच राजधानीतून ‘यदनाबोन’ हे बर्मी पत्र निघालं. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात रंगूनमध्ये, म्हणजे आजच्या यांगूनमध्ये, बर्मी, इंग्रजी, चिनी आणि भारतीय भाषांतली दैनिकं निघत, आणि आशियातल्या निर्भीड वृत्तपत्रांत त्यांची गणना होई. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि काही वर्षांतच खासगी दैनिकं एकतर बंद पडली किंवा सरकारजमा झाली. ‘द नेशन’चे संपादक एडवर्ड लॉ-योन यांना १९६३ मध्ये पकडलं आणि पाच वर्षं डांबून ठेवलं. मंडालेत ऊ ल्हा आणि दॉ अमार हे दांपत्य ‘लुडू’ नावाचं दैनिक चालवायचं. त्याचाही १९६७ मध्ये शेवट झाला.

त्यानंतरची जवळपास पन्नास वर्षं देशातला प्रत्येक खासगी छापील शब्द तपासणी मंडळाच्या हाताखालून गेला. ही तपासणी कशी चालायची ते सांगतो, कारण ऐकल्याशिवाय तिची कल्पना येत नाही. एक काळ असा होता की मासिकाचा पूर्ण छापलेला अंक मंडळाकडे न्यावा लागे. आक्षेप निघाला तर ते पान प्रत्येक प्रतीतून हाताने फाडायचं किंवा तेवढ्या मजकुरावर रुपेरी शाई फिरवायची. शेकडो प्रतींवर बसून शाई फिरवणारे हात मासिकाच्याच माणसांचे असत. वाचक ती पानं उजेडासमोर धरून खालची अक्षरं वाचायचा प्रयत्न करायचे. पुढे अंक छापण्याआधी मांडणी केलेली पानं पाठवायची पद्धत आली. तांबड्या खुणा होऊन पानं परत येत. काढलेल्या मजकुराची जागा मोकळी सोडायची परवानगी नसे, कारण कोऱ्या जागेवरून काहीतरी काढलंय हे वाचकाला समजलं असतं. ती जागा जाहिरातीने किंवा एखाद्या निरुपद्रवी मजकुराने भरायची. या सगळ्यात इतके दिवस जात की खासगी दैनिक ही गोष्टच शक्य नव्हती. २०१३ पर्यंत ब्रह्मदेशातली सगळी खासगी वृत्तपत्रं साप्ताहिकं होती, त्याचं कारण हे.

या काळातलं एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. विन तिन हे ‘हंथावडी’ दैनिकाचे संपादक होते. नंतर ते लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाले. ४ जुलै १९८९ रोजी त्यांना अटक झाली आणि २३ सप्टेंबर २००८ रोजी सुटका. एकोणीस वर्षं. कोठडीत कागद नाही, लेखणी नाही. विटेची भुकटी पाण्यात कालवून त्यांनी शाई केली आणि भिंतीवर लिहिलं. सुटल्यावरही अंगातला निळा सदरा त्यांनी बदलला नाही. तुरुंगातल्या कपड्यांचा रंग निळा, आणि शेवटचा राजकीय कैदी बाहेर येईपर्यंत हाच रंग घालीन, असं त्यांनी ठरवलं होतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते गेले, तेव्हाही कैदी आत होतेच.

देशात असं चाललेलं असताना बातमीदारीचं खरं काम देशाबाहेरून होत होतं. १९९२ मध्ये ओस्लोतून ‘डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा’, म्हणजे डीव्हीबी, हे रेडिओ केंद्र सुरू झालं. थायलंडमधून ‘इरावडी’ निघू लागलं. आणि १९९८ मध्ये दिल्लीत परागंदा बर्मी तरुणांनी ‘मिझिमा’ ही वृत्तसंस्था काढली. आपल्याकडच्या फार थोड्या पत्रकारांनी तिची दखल घेतली, याचं मला आजही वाईट वाटतं. २००७ च्या सप्टेंबरमध्ये बौद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले तेव्हा जगाने जी दृश्यं पाहिली, ती डीव्हीबीच्या माणसांनी झोळीत, काखेत छोटे कॅमेरे लपवून टिपली होती. २७ सप्टेंबरला रंगूनमध्ये सुले पॅगोडाजवळ केंजी नागाई या जपानी छायापत्रकाराला सैनिकाने जवळून गोळी घातली. खाली पडल्यावरही कॅमेऱ्याचा हात त्यांनी वर धरला होता. तो कॅमेरा गायब झाला. साडेपंधरा वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, डीव्हीबीने तो मिळवून बँकॉकमध्ये नागाई यांच्या बहिणीच्या हाती दिला. इतकी वर्षं कोणीतरी तो जपला होता. ज्यांनी जपला त्यांची नावं आपल्याला कळणार नाहीत, आणि कळू नयेत.

आता तपासणी बंद झाली त्या २०१२ कडे येऊ. निवृत्त जनरल थेन सेन राष्ट्राध्यक्ष झाले होते, राजकीय कैदी सुटत होते. खुद्द तपासणी खात्याच्या प्रमुखाने आदल्या वर्षी एका मुलाखतीत, हे खातं बंद करायला हवं, असं सांगून टाकलं होतं. १ एप्रिल २०१३ रोजी, जवळपास अर्ध्या शतकानंतर, चार खासगी दैनिकं रस्त्यावर आली. दुपारच्या आत अंक संपले. त्या दिवशी यांगूनच्या फुटपाथवर दैनिक विकत घेणारी सत्तरीतली माणसंही होती, त्यांनी तरुणपणी खासगी दैनिक वाचलेलं होतं. मधल्या दोन पिढ्यांनी ते कधी हातातही धरलं नव्हतं.

याच सुमारास मदतीचा ओघ सुरू झाला. तो का येतो, हेही समजून घेतलं पाहिजे. १९९१ च्या मे महिन्यात नामिबियातल्या विंडहोक इथे आफ्रिकी पत्रकारांनी एक जाहीरनामा केला. स्वतंत्र, बहुविध आणि मुक्त वृत्तपत्रांशिवाय लोकशाही उभी राहत नाही, असा त्याचा आशय. ३ मे हा जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य दिन त्यावरूनच आला. तेव्हापासून युनेस्को, युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या संस्था, सरकारी मदतखाती यांनी माध्यमविकास हे रीतसर कार्यक्षेत्र मानलं, आणि पूर्व युरोप, आफ्रिका, आग्नेय आशिया असा हा निधी फिरत राहिला. ब्रह्मदेशात इंटरन्यूज आली, डेन्मार्कची इंटरनॅशनल मीडिया सपोर्ट आली, जर्मनीची डॉइच वेल अकादमी आली, बीबीसी मीडिया ॲक्शन आली. २०१४ मध्ये यांगूनला म्यानमार जर्नालिझम इन्स्टिट्यूट उघडली. वृत्तपत्र परिषद स्थापन झाली. दरवर्षी माध्यमविकासाची मोठी परिषद भरू लागली. तिथे मंत्रालयाचे अधिकारी आणि तुरुंगातून सुटलेले संपादक एका मंचावर बसत. या संस्थांनी वाईट काम केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी तयार केलेली मुलंमुली आजही बातम्या आणताहेत, त्याबद्दल पुढे बोलेन. पण भाड्याच्या घराला कितीही चांगला रंग दिला तरी घराची किल्ली मालकाकडेच राहते, आणि या घराचा मालक बदलला नव्हता.

मालकी दोन ठिकाणी होती. एक बाजारात, दुसरी कायद्याच्या पुस्तकात.

बाजाराचं थोडक्यात सांगतो. सरकारी दैनिकं तशीच चालू राहिली. त्यांच्या मागे सरकारी छापखाना, देशभरचं वितरण आणि हक्काच्या जाहिराती. किंमत इतकी कमी की खासगी दैनिकाला त्या दरात कागदही परवडत नसे. पहिल्या दिवशी निघालेल्या चारांपैकी एक दैनिक वर्षभरातच बंद पडलं, मागाहून निघालेल्यांतलीही बरीच टिकली नाहीत. त्यातच मोबाइल आला. काही वर्षांपूर्वी शेकडो डॉलर मोजल्याशिवाय न मिळणारं सिम कार्ड २०१४ मध्ये दीड हजार क्यातला, म्हणजे साधारण दीड डॉलरला मिळू लागलं. लाखो लोकांनी दैनिकाची सवय लागण्याआधीच फेसबुक उघडलं. वर्गणी भरून वाचणारा वाचकवर्ग तयार व्हायला दोन-तीन दशकं लागतात. ब्रह्मदेशाला दोन-तीन वर्षंही मिळाली नाहीत. त्यामुळे चांगल्या वृत्तसंस्थांचा खर्च वाचकाऐवजी देणगीदाराच्या खिशातून चालू राहिला. आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकाची अडचण सरकारी जाहिरातीची असते. त्यांची अडचण परदेशी अनुदानाची झाली.

कायद्यापाशी मात्र मला थांबलं पाहिजे, कारण तो कायदा आपल्या घरातला आहे.

१९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता. १८६० ची दंडसंहिता तिथेही लागू होती, आणि स्वातंत्र्यानंतरही तीच राहिली, कलमांच्या क्रमांकांसकट. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली. त्या खटल्यानंतर, १८९८ मध्ये, सरकारने कायदा अधिक कडक केला. १२४अ हे राजद्रोहाचं कलम नव्याने लिहिलं, १५३अ नव्याने घातलं आणि ५०५ या कलमाचं रूप बदललं. १९०८ च्या खटल्यात टिळकांवर १२४अ आणि १५३अ लावली गेली. ‘केसरी’तल्या मे आणि जूनमधल्या अग्रलेखांबद्दल न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि टिळकांना मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात नेलं. ही हकीकत आपल्याला पाठ आहे. पुढचा भाग आपण लक्षात घेत नाही. टिळक १९१४ मध्ये परत आले, इंग्रज १९४८ मध्ये ब्रह्मदेशातून गेले, आणि ती कलमं मंडालेतच राहिली. १२४अ, ५०५, आणि १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा. आजही बर्मी पत्रकार या कलमांची नावं आकड्यांनीच घेतात. अमुक जण पाचशे पाचात गेला, एवढं म्हटलं की पुरतं.

सुधारणांच्या काळात नवे कायदेही झाले. २०१३ चा दूरसंचार कायदा आणि त्याचं ६६(ड) हे कलम म्हणजे मोबाइलवरच्या बदनामीला तुरुंग. २०१४ मध्ये वृत्तमाध्यम कायदा आणि मुद्रण-प्रकाशन उद्योग कायदा आले. त्यात तपासणी नव्हती, पण परवाना होता, आणि परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकत होता. जुनी कलमं कोणी खोडली नाहीत. त्याची चुणूक लगेच दिसली. २०१४ च्या जानेवारीत ‘युनिटी’ या साप्ताहिकाने मागवे प्रांतात रासायनिक शस्त्रांचा कारखाना असल्याची बातमी दिली. चार पत्रकार आणि साप्ताहिकाचे मुख्याधिकारी यांना १९२३ च्या कायद्याखाली दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. नंतर ती सातवर आली आणि २०१६ मध्ये माफी मिळून ते सुटले. ही शिक्षा झाली त्याच महिन्यांत परिषदा भरत होत्या, प्रशिक्षणं चालू होती.

२०१५ च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं. २०१६ मध्ये सरकार त्यांचं झालं. मला या व्याख्यानात सगळ्यात जास्त बोलायचंय ते या पाच वर्षांबद्दल.

त्यांचे हात किती बांधलेले होते याची मला जाणीव आहे. संसदेतल्या पाव जागा लष्कराच्या, गृहखातं लष्कराकडे, राज्यघटना लष्कराने लिहिलेली. पण साधा कायदा रद्द करायला त्यांच्याकडे बहुमत होतं, आणि मनात आणलं तेव्हा त्यांनी तो रद्द केलाही. १९५० चा आणीबाणी तरतुदींचा कायदा त्यांनी २०१६ मध्ये मोडीत काढला. १९२३ च्या कायद्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. १२४अ राहिलं, ५०५ राहिलं. ६६(ड)ची शिक्षा तीनवरून दोन वर्षांवर आणली, पण कलम ठेवलं, आणि त्याखालचे खटले याच सरकारच्या काळात वाढले. नोव्हेंबर २०१६ मध्ये यांगूनच्या मुख्यमंत्र्यांवर भ्रष्टाचाराचा आरोप केला म्हणून ‘इलेव्हन मीडिया’च्या प्रमुखांना आणि मुख्य संपादकांना अटक झाली. हे मुख्यमंत्री सू ची यांच्याच पक्षाचे होते. सरकारी दैनिकंही या पक्षाने बंद केली नाहीत. स्वतःचा आवाज म्हणून ती त्यांना उपयोगी वाटली. काल ज्यांना या कायद्यांनी तुरुंगात टाकलं होतं, त्यांनाच आज ते कायदे ठेवावेसे वाटले. हा मोह सत्ताबदल झालेल्या अनेक देशांत दिसतो. पण विन तिन यांच्या पक्षाला तो पडावा, हे मला पचवता आलेलं नाही.

डिसेंबर २०१७ मधलं रॉयटर्सचं प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. वा लोन आणि क्याव सो ऊ हे दोन तरुण बातमीदार राखाइन प्रांतातल्या इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांची हत्या कशी झाली याचा शोध घेत होते. १२ डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी त्यांना यांगूनमधल्या एका उपाहारगृहात बोलावलं, हातात गुंडाळलेले कागद दिले, आणि बाहेर पडताच त्याच कागदांसह पकडलं. मो यान नाइंग या पोलीस कप्तानाने न्यायालयात शपथेवर सांगितलं की हा सापळा वरिष्ठांच्या हुकमाने लावला होता. त्यालाच पोलीस शिस्तभंगाबद्दल तुरुंगात पाठवलं, त्याच्या कुटुंबाला पोलीस वसाहतीतलं घर सोडायला लावलं. ३ सप्टेंबर २०१८ रोजी दोघांना १९२३ च्या कायद्याखाली सात वर्षांची शिक्षा झाली. पाचशेहून अधिक दिवस आत काढल्यावर मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या माफीने ते सुटले. त्या दहा हत्यांबद्दल सात सैनिकांनाही शिक्षा झाली होती, दहा-दहा वर्षांची. ते सैनिक वर्षभराच्या आतच सोडले गेले. खून करणाऱ्यांपेक्षा खुनाची बातमी शोधणारे जास्त दिवस कोठडीत राहिले. आणि सू ची यांनी परदेशात एका परिषदेत या निकालाचं समर्थन केलं.

इथे पत्रकारांचाही हिशेब मांडला पाहिजे, नाहीतर चित्र खोटं होईल. रोहिंग्यांच्या कत्तलीच्या काळात यांगूनमधल्या बहुतेक वृत्तपत्रांनी लष्कराची भाषा उचलली. रोहिंग्या हा शब्दसुद्धा न छापणारी नामांकित पत्रं होती. फेसबुकवर द्वेषाचा पूर आला. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने त्या द्वेषप्रसारात फेसबुकचा वाटा नोंदवला, आणि पुरेसं काही केलं नाही हे कंपनीनेही कबूल केलं. बर्मी वृत्तपत्रांनी असंच कबूल करायला आणखी तीन वर्षं लागली. २०२१ नंतर, जेव्हा तेच सैन्य बर्मी बौद्धांच्या मुलांवर गोळ्या झाडू लागलं, तेव्हा अनेक पत्रकारांनी आणि वाचकांनी रोहिंग्यांची उघड माफी मागितली. ती मनापासून होती असं मी मानतो. पण वृत्तपत्रस्वातंत्र्य असलेल्या काळात ते स्वातंत्र्य शेजाऱ्यासाठी वापरलं गेलं नाही, ही नोंद राहील.

१ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे सेनापती मिन आंग हाइंग यांनी सत्ता घेतली. पुढे जे झालं ते वेगाने झालं. १४ फेब्रुवारीला लष्करी राजवटीने दंडसंहिता दुरुस्त केली. काय दुरुस्त केलं? १२४अ, म्हणजे टिळकांवर लावलेलं कलम. त्यात आता लष्कराबद्दलचा अप्रीतिभावही गुन्हा ठरला. ५०५ दुरुस्त केलं आणि त्याला जोडून ५०५अ हे नवं कलम घातलं: भीती पसरवणाऱ्या किंवा खोट्या बातमीला तीन वर्षांपर्यंत तुरुंग. नवा कायदा रचायची गरजच पडली नाही. एकशेतेवीस वर्षांपूर्वीचा मसुदा हाताशी होता, लोकनियुक्त सरकारने तो सांभाळून ठेवला होता, त्यात चार शब्द घालायचे होते. ८ मार्चला ‘मिझिमा’, ‘डीव्हीबी’, ‘खित थित’, ‘म्यानमार नाऊ’ आणि ‘सेव्हन डे’ यांचे परवाने गेले. मार्च सरायच्या आत देशात एकही स्वतंत्र खासगी दैनिक उरलं नाही. मे महिन्यात उपग्रह वाहिन्यांच्या तबकड्या वापरायला बंदी आली, कारण डीव्हीबी आणि मिझिमा त्यावर दिसत होत्या. त्या वर्षी १ डिसेंबरला पत्रकार संरक्षण समितीने जगभरच्या तुरुंगांतले पत्रकार मोजले, तेव्हा म्यानमारमध्ये २६ निघाले, चीनच्या खालोखाल. त्याच महिन्यात यांगूनमध्ये मूक बंदची छायाचित्रं काढताना पकडलेले सो नाइंग हे छायाचित्रकार कोठडीतच मरण पावले. २०२३ च्या मे महिन्यात ‘मोखा’ वादळाचं नुकसान टिपायला सित्वेला गेलेल्या साइ झाव थाइक या ‘म्यानमार नाऊ’च्या छायापत्रकाराला वीस वर्षांची शिक्षा झाली. वादळाच्या छायाचित्रांसाठी वीस वर्षं.

मग मदतीतून काय उरलं? इमारती उरल्या नाहीत, परिषदा उरल्या नाहीत. उरली ती माणसं, आणि ज्यांना आधी परागंदा होऊन काम करायची सवय होती त्यांच्या संस्था. डीव्हीबी, मिझिमा, इरावडी पुन्हा सीमेपलीकडे गेल्या. त्यांना वाट माहीत होती, माणसं माहीत होती. नव्याने निघालेल्या यांगूनमधल्या पत्रांपेक्षा शान, करेन, मोन, चिन अशा वांशिक भाषांतल्या लहान वृत्तसंस्था जास्त चिवट ठरल्या, कारण त्यांचा वाचक आणि बातमीदार एकाच खोऱ्यात राहतात आणि परवाना त्यांना कधी धड मिळालाच नव्हता. गावागावांत प्रशिक्षण घेतलेली तरुण मुलं आता शिक्षकाचं, दुकानदाराचं काम करता करता मोबाइलवरून बातमी पाठवतात आणि पाठवल्यावर मोबाइल पुसून टाकतात. रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर सैनिक फोन मागतो. त्यात फेसबुकचं एखादं पान सापडलं तरी पुरतं.

या बातमीदारांच्या पगाराचा आणि उपकरणांचा मोठा वाटा अमेरिकी निधीतून येत असे. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने परदेशी मदत गोठवली. थायलंडमधल्या आणि अन्य ठिकाणच्या बर्मी वृत्तसंस्थांना काही आठवड्यांत माणसं कमी करावी लागली. मार्चमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका गप्प झाली, रेडिओ फ्री एशियाच्या बर्मी सेवेवरही गदा आली. आणि २८ मार्चला ७.७ क्षमतेचा भूकंप झाला. केंद्र सगाइंगजवळ, मंडालेला लागून. तीन हजारांहून अधिक माणसं गेली. राजवटीने परदेशी पत्रकारांना येऊ दिलं नाही, राहायची सोय नाही असं कारण दिलं. मंडालेतल्या ढिगाऱ्यांखाली कोण आहे, मदत कुठे पोहोचली, कुठे पोहोचली नाही, आणि मदतकार्य चालू असताना विमानांनी कुठे बॉम्ब टाकले, हे जगाला सांगायचं काम अर्ध्या पगारावरच्या किंवा बिनपगारी बर्मी बातमीदारांनी केलं. त्यातल्या काहींचे स्वतःचे नातेवाईक त्या ढिगाऱ्यांखाली होते.

यातून मला जे दिसतं ते स्पष्ट सांगतो. संक्रमणातल्या देशात वृत्तपत्रांना मदत करायची असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत, नव्या सरकारचं लोकांपुढे वजन असताना, कायद्याच्या पुस्तकातली जुनी कलमं खोडून घ्यावी लागतात. तेव्हा राहिलेलं कलम पुढे कोणीही वापरू शकतं. परवाना ही कल्पनाच काढून टाकावी लागते. आपल्याकडे वृत्तपत्राची नोंदणी असते आणि तीही पुष्कळदा जाच होते, पण नोंदणी आणि परवाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि पैसा देणाऱ्यांनी एका राजधानीतल्या एका निवडणुकीवर देशाची सगळी बातमीदारी टांगू नये. लहान रकमा, अनेक दाते, दीर्घ मुदत. ब्रह्मदेशात परिषदांवर जेवढा खर्च झाला तेवढ्यात जिल्ह्याजिल्ह्यातले बातमीदार पुष्कळ वर्षं पोसले गेले असते, असं मला राहून राहून वाटतं.

आपला संबंध इथे कुठे येतो, हे विचारलं जाईल. दोन ठिकाणी येतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये १२४अ स्थगित ठेवलं. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण १५२ हे कलम आहे, आणि त्याची व्याप्ती वकिलांनाही अस्वस्थ करते आहे. १९२३ चा गुपितांचा कायदा आपल्याकडेही जिवंत आहे. रॉयटर्सच्या दोघांना ज्या कायद्याने आत टाकलं तोच हा कायदा, थोड्याफार दुरुस्त्यांसह. महाराष्ट्रातल्या पत्रकार संघटनांनी दर वर्षी १ ऑगस्टला टिळकांच्या पुतळ्याला हार घालावा, जरूर घालावा. त्याच दिवशी या दोन कायद्यांबद्दल एक ठरावही करावा, आणि तो आपल्या खासदारांच्या हाती द्यावा.

दुसरा संबंध मिझोरममध्ये आहे. २०२१ नंतर हजारो बर्मी निर्वासित चिन टेकड्यांमधून तिथे आले. त्यांच्यात पत्रकार आहेत. चिन भाषकांची ‘खोनुमथुंग’ ही वृत्तसंस्था पूर्वी तिथेच राहून सुरू झाली होती. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने सीमेवरची मुक्त ये-जा बंद करण्याची घोषणा केली. मिझो लोकांनी आणि तिथल्या चर्चनी या माणसांना घरात घेतलंय, पण कागदोपत्री त्यांना काहीच आधार नाही. परत पाठवलं गेलं तर ५०५अ त्यांची वाट पाहतंय. ‘मिझिमा’ दिल्लीत निघाली तेव्हा आपण लक्ष दिलं नाही. आता आइझॉलमध्ये बसून बातम्या लिहिणाऱ्या या पत्रकारांना सक्तीने परत पाठवलं जाणार नाही, असं लेखी आश्वासन केंद्र सरकारने द्यावं, ही मागणी आपण इथून करू शकतो. सभेच्या शेवटी अध्यक्षमहोदयांच्या संमतीने तसा ठराव मांडायची परवानगी मी आयोजकांकडे मागितली आहे. मसुदा दाराशी ठेवला आहे. ज्यांना पटेल त्यांनी वाचून त्यावर सही करावी.